अमेरिकेतली लॅटिनो पुरुष जोडपी आणि एचआयव्ही प्रतिबंध: दोघांनी मिळून योजना कशी आखावी?

नीलमोहोर

लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, मायामी, न्यूयॉर्क इथल्या दवाखान्यांत, फार्मसीत, समुपदेशनात काम करणारी बरीच मराठी मंडळी इथे लिहितात. त्यांच्याकडे येणाऱ्यांत स्पॅनिश बोलणारे खूप असतात आणि त्यांत पुरुष जोडपीही असतात. एकेकट्या पुरुषाला काय सांगायचं ते सगळ्यांना पाठ असतं. समोर दोघे बसले की मात्र गाडी अडते. म्हणून हा धागा. ज्याला जे नेमकं माहीत आहे ते लिहा.

सुरुवातीला थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे ३१,८०० नवीन लागणी झाल्या. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश लॅटिनोंमध्ये, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांमध्ये, आणि लोकसंख्येत त्यांचा वाटा मात्र पाचव्या हिश्श्याच्या आसपास. प्रेपचा, म्हणजे लागण होण्याआधी घ्यायच्या औषधाचा, ज्यांना उपयोग होईल अशा लॅटिनोंपैकी त्या वर्षी चारांतल्या एकाच्याच हातात चिठ्ठी पडली होती.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा असा की समलिंगी पुरुषांमधली लागण अनोळखी माणसाकडूनच होते हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतल्या पाच शहरांच्या माहितीवरून २००९ मध्ये काढलेला अंदाज सांगतो की साधारण ६८ टक्के लागणी नेहमीच्या जोडीदाराकडून झाल्या. नंतरच्या काही अभ्यासांत हा आकडा कमी, एक तृतीयांशाच्या आसपास आला, तरी तोही लहान नाही. कारण साधं आहे. नेहमीच्या जोडीदाराशी संबंध जास्त वेळा येतो, त्याच्याबरोबर कंडोम लवकर सुटतो, आणि एकदा विश्वास बसला की तपासणी थांबते. दोघांपैकी एकाला आपली लागण माहीतच नसली तर त्या घरातला प्रत्येक दिवस जोखमीचा ठरतो.

म्हणून माझं म्हणणं असं: जोडप्याची तपासणी, औषध आणि आपसातला करार या तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत, दोघांसमोर व्हायला हव्यात.

उंबरठा

उत्तम विषय. जोडप्याच्या एकत्र तपासणीबद्दल लिहितो.

ही पद्धत मूळची आफ्रिकेतली. रवांडा आणि झांबियात स्त्री-पुरुष जोडप्यांसाठी ती रुळली, नंतर अटलांटा आणि शिकागोत पुरुष जोडप्यांसाठी तिला आकार दिला गेला. अमेरिकेत ती ‘टेस्टिंग टुगेदर’ नावाने ओळखली जाते. लॅटिनो जोडप्यांसाठी न्यूयॉर्कमध्ये ‘कनेक्टिंग लॅटिनोज एन पारेहा’ हा वेगळा कार्यक्रम तयार झाला. त्यात तपासणीच्या पुढे जाऊन जोडप्यातला संवाद आणि औषधं यांवर भर आहे.

बैठकीचा क्रम असा. आधी दोघांना वेगवेगळं, दोन-तीन मिनिटं भेटायचं. स्वतःहून आलात का, घरी मारहाण किंवा धमकी आहे का, निकाल जोडीदारासमोर ऐकायची तयारी आहे का, एवढंच विचारायचं. एकाचं जरी उत्तर डळमळीत वाटलं तर एकत्र बैठक करायची नाही. दोघांची स्वतंत्र तपासणी करायची आणि ‘आज वेळ कमी आहे’ यासारखं तटस्थ कारण द्यायचं, म्हणजे घरी गेल्यावर कोणावर बालंट येणार नाही.

मग दोघे एकत्र. इथे सगळ्यात जास्त चुकतं ते जुन्या गोष्टी उकरण्यात. एकट्या माणसाला आपण विचारतो, गेल्या सहा महिन्यांत किती जोडीदार? जोडप्यासमोर हा प्रश्न विचारला की एक तर खोटं उत्तर मिळतं, नाही तर तिथेच भांडण लागतं. एकत्र बैठकीत भूतकाळ वर्ज्य. आज नातं कसं आहे आणि इथून पुढे दोघांना काय हवं आहे, एवढंच बोलायचं.

रक्त दोघांचं एकाच वेळी घ्यायचं. निकाल वाट पाहायला न लावता, साध्या वाक्यात सांगायचा. दोघे निगेटिव्ह असतील तर दोघांना एकदमच सांगावं. निकाल वेगळे असतील तर आधी ‘तुमचे दोघांचे निकाल वेगवेगळे आहेत’ एवढंच म्हणून क्षणभर थांबायचं. मग पॉझिटिव्ह जोडीदाराचा निकाल त्याच्याकडे बघून सांगायचा, नंतर दुसऱ्याचा. ‘कोणी आणलं’ हा प्रश्न येतोच. तपासणी त्याचं उत्तर देऊ शकत नाही. लागण या नात्याच्या कितीतरी आधीचीही असू शकते. हे तिथल्या तिथे, ठामपणे सांगायला हवं.

दक्षिणवारा

एक शंका. दोघे एकमेकांशीच एकनिष्ठ आहेत, दोघांचे निकाल निगेटिव्ह आले, तर त्याच दिवसापासून कंडोम सोडला तर काय बिघडतं? बरेच जण हेच करतात.

पारवा

बिघडतं ते विंडो पिरियडमुळे. लागण झाल्यापासून तपासणीत ती दिसेपर्यंतचा काळ तपासणीच्या प्रकारावर अवलंबून असतो. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली अँटीजेन-अँटीबॉडी तपासणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं, दोन्ही शोधणारी) १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. तीच तपासणी बोटाच्या थेंबावर झटपट केली तर १८ ते ९० दिवस. फक्त अँटीबॉडी बघणाऱ्या तपासण्यांना, ज्यात घरी हिरडीवरून काडी फिरवून करायची तपासणीही आली, २३ ते ९० दिवस. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधणारी तपासणी सगळ्यात लवकर, १० ते ३३ दिवसांत.

नवीन जोडप्यासाठी हिशेब असा. आज दोघांची तपासणी. पुढचे ४५ दिवस कंडोम किंवा प्रेप, आणि बाहेर संबंध नाहीत. ४५ दिवसांनी शिरेतल्या रक्तावर पुन्हा दोघांची तपासणी. ती निगेटिव्ह आली की मग कंडोमचा निर्णय. पहिल्याच निकालावर कंडोम सोडणं ही माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात महागात पडणारी घाई आहे, कारण नुकत्याच झालेल्या लागणीत रक्तातला विषाणू सगळ्यात जास्त असतो आणि त्याच वेळी झटपट तपासणी निगेटिव्ह दाखवते.

संबंधानंतर २ ते ४ आठवड्यांत ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असं काही झालं तर ‘फ्लू असेल’ म्हणून सोडू नये. तेव्हा आरएनए तपासणी मुद्दाम मागून घ्यावी. साध्या तपासणीच्या चिठ्ठीत ती आपोआप येत नाही.

सायली

करार म्हणजे नेमकं काय? कागदावर लिहून घ्यायचं का?

उंबरठा

सायलीताई, लिहायची गरज नाही, पण शब्दांत बोललेलं असायला हवं. बहुतेक जोडप्यांत दोघांचाही समज असतो की ‘आपलं ठरलंय’, आणि वेगवेगळं विचारलं तर उत्तरं दोन निघतात. एकाच्या मते नातं पूर्ण बंद, दुसऱ्याच्या मते गावाबाहेर असताना चालतं.

बोलायचे मुद्दे असे. बाहेर संबंध चालतील का. चालत असतील तर एकट्याने की दोघांनी मिळूनच. कोणते संबंध चालतील, कोणते नाहीत. बाहेर कंडोम कायम का. घरी येऊन सांगायचं की नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे करार मोडला तर काय करायचं. ही शेवटची ओळ बहुतेक जण टाळतात आणि संसर्ग तिथूनच घरात शिरतो. मोडणारा भीतीने गप्प बसतो आणि घरातले संबंध पूर्वीसारखेच चालू राहतात. म्हणून मोडल्यावर सांगायला एक ठरलेली वाट लागते. उदाहरणार्थ, ‘पुढचे काही आठवडे कंडोम वापरूया, कारण आज विचारू नकोस’ एवढं वाक्य दोघांनी आधी मान्य केलेलं असलं तरी पुरतं.

७२ तासांच्या आत कळलं तर पेप, म्हणजे नंतर घ्यायचं औषध, मिळतं. २८ दिवस, रोज, न चुकता. ७२ तास ही शेवटची सीमा आहे, औषध जितकं लवकर तितकं चांगलं. रविवारची रात्र असली तरी इमर्जन्सी विभागात जावं. तिथे काही दिवसांच्याच गोळ्या देऊन पाठवतात. उरलेल्या दिवसांची चिठ्ठी त्याच भेटीत मागायची, नाही तर पाचव्या दिवशी डबी रिकामी होते. २८ दिवस संपले, तपासणी निगेटिव्ह आली, की दुसऱ्या दिवसापासून प्रेप, मध्ये खंड नको.

गवतीचहा

प्रेपबद्दल फार्मसीच्या बाजूने लिहिते.

आधी एक गोष्ट, जी लॅटिनो जोडप्यांना सांगितली की औषधाबद्दलचा परकेपणा कमी होतो. प्रेप चालते हे पहिल्यांदा दाखवणारी ‘इप्रेक्स’ चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या २,४९९ जणांपैकी निम्म्याहून अधिक पेरूचे होते, शिवाय इक्वाडोर आणि ब्राझीलचे. हे औषध त्यांच्याच लोकांच्या भरवशावर उभं राहिलं आहे. त्या चाचणीत एकूण घट ४४ टक्केच दिसली, कारण अनेकांनी गोळ्या घेतल्याच नव्हत्या. ज्यांच्या रक्तात औषध सापडलं त्यांच्यात संरक्षण कितीतरी जास्त होतं.

आता पर्याय. टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल आणि एमट्रिसिटाबिनची गोळी, २०१२ पासून मान्य, आता जेनेरिक आणि स्वस्त. रोज एक. गुदमार्गात पुरेसं औषध साठायला ७ दिवस लागतात. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे काहींना मळमळ होते. रात्रीच्या जेवणाबरोबर घेतली की सहसा निभावते. या गोळीसाठी क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचं माप, ६० किंवा जास्त हवा. त्याखाली, ३० पर्यंत, टेनोफोविर अ‍ॅलाफेनामाइडची गोळी चालते.

पहिली गोळी देण्याआधी हेपटायटिस बी तपासणं अत्यावश्यक. हेच औषध त्या विषाणूलाही दाबून ठेवतं. बी असलेल्या माणसाने ते अचानक थांबवलं तर यकृत भडकू शकतं.

ज्यांचे संबंध कधीतरीच येतात त्यांच्यासाठी २-१-१ पद्धत. संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, त्या दोन गोळ्यांच्या वेळेपासून २४ तासांनी एक, ४८ तासांनी एक. संबंध चालूच राहिले तर शेवटच्या संबंधानंतर दोन दिवसांपर्यंत रोज एक. शेवटच्या गोळीला ७ दिवस झाले नसतील तर पुढच्या वेळी सुरुवात एकाच गोळीने, जास्त झाले तर पुन्हा दोनने. फ्रान्स आणि कॅनडातल्या चाचणीत यातून ८६ टक्के घट दिसली. अ‍ॅलाफेनामाइडच्या गोळीने ही पद्धत करायची नाही, आणि हेपटायटिस बी असलेल्यानेही नाही. एका घरात राहणाऱ्या जोडप्याला मी २-१-१ फारसं सुचवत नाही. दोन तास आधी ठरवून होणारे संबंध जोडप्यात कमीच असतात.

कॅबोटेग्राविर हे कमरेत घ्यायचं इंजेक्शन, ३ मिलिलिटर. पहिली दोन महिन्याच्या अंतराने, नंतर दर दोन महिन्यांनी, ठरलेल्या तारखेच्या सात दिवस इकडे-तिकडे. लेनाकापाविर जून २०२५ मध्ये मान्य झालं, सहा महिन्यांतून एकदा. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली दीड-दीड मिलिलिटरची दोन इंजेक्शनं, त्याच दिवशी दोन गोळ्या आणि दुसऱ्या दिवशी घरी आणखी दोन. लोक विसरतात त्या या दुसऱ्या दिवशीच्या गोळ्या. विसरल्या तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायच्या, पण पहिल्या दिवसाच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या एकाच दिवशी घ्यायच्या नाहीत. इंजेक्शनच्या जागी गाठ येते आणि ती महिनोन्‌महिने हाताला लागते. आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून दुसऱ्या डोसला येत नाही.

दोन्ही इंजेक्शनं थांबवल्यावर औषध शरीरात वर्षभर किंवा जास्त रेंगाळतं, पण संरक्षणापुरतं राहत नाही. त्या काळात लागण झाली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून इंजेक्शन सोडायचं असेल तर गोळी सुरू करूनच सोडावं.

दक्षिणवारा

दोघांपैकी एकच प्रेप घेतो, दुसरा म्हणतो ‘मी आक्तिवो (संबंधात करणारा) आहे, मला काही होत नाही.’ याला काय उत्तर द्यावं?

पारवा

आकडे द्यावेत. विषाणूभार, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, औषधाने दाबलेला नसलेल्या पॉझिटिव्ह जोडीदाराशी कंडोमशिवाय, प्रेपशिवाय संबंध आला तर घेणाऱ्याला दर १०,००० संबंधांमागे सुमारे १३८ लागणी, करणाऱ्याला ११. फरक मोठा आहे, पण ११ म्हणजे शून्य नव्हे, आणि नेहमीच्या जोडीदाराबरोबर संबंधांची संख्या वर्षाला शेकड्यांत जाते. शिवाय सिफिलिस किंवा गनोरिया असला तर जोखीम वाढते.

दुसरं म्हणजे ‘मी आक्तिवोच’ हे जोडीदारासमोर सांगितलेलं असतं. एकट्याने विचारल्यावर बऱ्याचदा उत्तर बदलतं. त्यामुळे भूमिका विचारून प्रेपची चिठ्ठी ठरवूच नये. बाहेर संबंध आहेत किंवा असू शकतात, एवढं पुरे. दोघांनाही चिठ्ठी द्यावी. एकाच वेळी, एकाच जेवणानंतर दोघांनी गोळी घेतली की विसरणंही कमी होतं.

एक मात्र सांभाळा. दोघांच्या गोळ्या सारख्या असल्या तरी डब्या वेगळ्या. एकाची संपली म्हणून दुसऱ्याच्या डबीतली घ्यायला लागले की दोघांचेही डोस कमी पडतात, आणि हे तीन महिन्यांनी चिठ्ठीचा हिशेब जुळेना तेव्हाच कळतं.

नीलमोहोर

आता एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह अशी जोडी. इथे सगळ्यात दिलासा देणारं सत्य आहे आणि तेच नीट पोहोचत नाही. स्पॅनिशमध्ये ते ‘इंदेतेक्ताब्ले = इंत्रान्समिसिब्ले’ असं फलकांवर लिहिलेलं असतं, म्हणजे ‘मोजण्याइतका नाही = पसरत नाही’. औषधामुळे विषाणूभार दर मिलिलिटर रक्तात २०० प्रतींच्या खाली गेला आणि तिथे टिकला, तर लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. युरोपातल्या ‘पार्टनर २’ अभ्यासात ७८२ पुरुष जोडप्यांचे कंडोमशिवायचे सुमारे ७६,००० संबंध मोजले गेले. जोडीदाराकडून झालेल्या लागणी: शून्य. ‘ऑपोझिट्स अ‍ॅट्रॅक्ट’ या दुसऱ्या अभ्यासात ऑस्ट्रेलिया आणि बँकॉकबरोबर रिओ दि जानेरोची जोडपीही होती. तिथेही शून्य.

निदान झाल्या दिवसापासून पुढचा क्रम: पॉझिटिव्ह जोडीदाराला शक्यतो त्याच दिवशी औषध सुरू. निगेटिव्ह जोडीदाराची आरएनए तपासणी. शेवटच्या संबंधाला ७२ तास झाले नसतील तर त्याला पेप, झाले असतील तर प्रेप. विषाणूभार ४ ते ८ आठवड्यांनी, मग दर तीन महिन्यांनी मोजायचा. सहा महिने दबलेला राहिला की या नात्यापुरतं प्रेप ऐच्छिक होतं. बाहेर संबंध असतील तर चालूच ठेवायचं.

आणि विमा संपणं, नोकरी सुटणं, राज्य बदलणं या तीन वेळा औषधात खंड पडतो. रायन व्हाइट कार्यक्रमाची, म्हणजे एचआयव्ही असलेल्यांच्या उपचारासाठीच्या सरकारी योजनेची, मदत घेणाऱ्यांना ठराविक काळाने पात्रतेची कागदपत्रं पुन्हा द्यावी लागतात. ती तारीख दोघांच्या फोनमध्ये असावी. खंड पडला की ‘इंत्रान्समिसिब्ले’ हा शब्द लागू राहत नाही, आणि निगेटिव्ह जोडीदाराला हे कोणी सांगत नाही.

सायली

लॅटिनोंमध्ये ‘माचिस्मो’मुळे, म्हणजे मर्दपणाच्या कल्पनेमुळे, पुरुष दवाखान्यात येत नाहीत असं प्रत्येक प्रशिक्षणात ऐकवतात. तुमचं मत?

उंबरठा

ते कारण खोटं नाही, पण त्याच्या आड फार काही लपवलं जातं. बांधकामावर किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या दोघांना सोमवार ते शुक्रवार नऊ ते पाचच्या वेळेत एकत्र यायला सांगायचं, आणि आले नाहीत की संस्कृतीला दोष द्यायचा, हे मला मुळीच पटत नाही. संध्याकाळी आठपर्यंत किंवा शनिवारी उघडं असलेलं केंद्र, दोघांना लागून दोन वेळा, आणि दारात भेटणारा प्रोमोतोर, म्हणजे त्याच वस्तीतला आरोग्य कार्यकर्ता, यांनी जास्त फरक पडतो.

भाषेचं सांगतो. जोडीदाराला कधीही दुभाषा करू नका. जोडप्यात एकाचं इंग्रजी चांगलं असतं आणि तोच दोघांच्या वतीने बोलत राहतो. दुसऱ्याचे प्रश्न, भीती, घरातली जबरदस्ती, काहीच बाहेर येत नाही. सरकारी निधी घेणाऱ्या केंद्राने दुभाषा फुकट द्यायचा असतो. ग्वातेमाला आणि दक्षिण मेक्सिकोतल्या काहींची पहिली भाषा स्पॅनिशही नसते. मम, किचे, मिश्तेक यांपैकी असू शकते. ‘घरी आईशी कोणत्या भाषेत बोलता?’ हा प्रश्न विचारला की लगेच कळतं.

घराचंही बघा. आई-वडील, भावंडं, एका खोलीत चौघे, अशी व्यवस्था असली तर डबीवरचं लेबल कोण वाचेल ही खरी भीती असते. अशांना इंजेक्शन सोयीचं पडतं. घरी रोजच्या गोळ्यांची डबी ठेवायला लागत नाही. गोळीच हवी असेल तर आठवड्यापुरत्या गोळ्या कामाच्या पिशवीत आणि उरलेल्या मूळ डबीत, कोरड्या जागी. गोळ्या बाथरूमच्या कपाटात ठेवू नयेत, दमटपणाने बिघडतात.

गवतीचहा

लेबलाच्याही आधी पत्र घरी पोहोचतं. अमेरिकेत २६ वर्षांपर्यंत मुलगा वडिलांच्या विम्यावर असू शकतो आणि विमा कंपनी खर्चाचा तपशील मूळ विमेदाराला पाठवते. म्हणजे वडिलांना. विमा कंपनीला फोन करून ‘माझा पत्रव्यवहार वेगळ्या पत्त्यावर पाठवा’ अशी विनंती तपासणीच्या आधी करावी, नंतर नव्हे.

पैशाचं थोडक्यात. २०१९ पासून प्रेपला राष्ट्रीय प्रतिबंधक शिफारशीत सर्वोच्च ‘अ’ दर्जा आहे, त्यामुळे बहुतेक खासगी विम्यांनी औषधच नव्हे तर त्यासाठीच्या भेटी आणि तपासण्याही रुग्णाकडून पैसे न घेता द्यायच्या असतात. तरी बिल येतं, कारण दवाखाना कोड चुकवतो. निदानाचा कोड झेड २९.८१ आणि बिलावर प्रतिबंधक सेवेचा ३३ हा मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) लावलेला आहे का ते विचारा. बिल आलं तर भरू नका. आधी दवाखान्याला ते दुरुस्त करून पुन्हा पाठवायला सांगा. विमा नसेल तर उत्पन्नानुसार फी घेणारी सामुदायिक आरोग्यकेंद्रं आणि औषध कंपन्यांच्या मदत योजना. अर्ज भरायला प्रेपचे मार्गदर्शक असतात, त्यांनाच गाठावं.

पारवा

कागदपत्रांची भीती खूप जणांना तपासणीपासून दूर ठेवते, म्हणून एवढं स्पष्ट करतो. अमेरिकेने एचआयव्ही असलेल्यांवरची प्रवेशबंदी जानेवारी २०१० मध्ये उठवली. नुसती लागण हे व्हिसा नाकारायचं कारण राहिलेलं नाही. पॉझिटिव्ह निकालाची नोंद राज्याच्या आरोग्य विभागाकडे जाते, साथीच्या नोंदीसाठी. सरकारी योजना आणि इमिग्रेशन यांचे नियम मात्र बदलत असतात, म्हणून ते व्हॉट्सअ‍ॅपवरून ठरवू नयेत, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावेत. ‘सोडून गेलास तर तुझी तक्रार करीन’ अशी धमकी जोडीदार देत असेल तर ती हिंसाच. नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नवऱ्याचा छळ सोसणाऱ्या वैवाहिक जोडीदाराला, पुरुष असला तरी, स्वतःचा अर्ज स्वतः करायची कायद्यात तरतूद आहे.

नीलमोहोर

इतर गुप्तरोग राहिलेच. प्रेप फक्त एचआयव्ही रोखते. दर तीन महिन्यांनी सिफिलिससाठी रक्त, आणि क्लॅमिडिया-गनोरियासाठी तीन ठिकाणचे नमुने: लघवी, घसा, गुदद्वार. नुसत्या लघवीवर भागवलं तर घशातली आणि गुदमार्गातली लागण निसटते, आणि तिथे लक्षणं बहुधा नसतातच. गुदद्वाराचा नमुना स्वतः घेता येतो. काडी साधारण इंचभर आत घालून हळू फिरवायची. हे सांगितलं की नकार देणारेही तयार होतात.

गेल्या वर्षभरात असा एखादा रोग झालेला असेल तर डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम, संबंधानंतर ७२ तासांच्या आत एकदा. दिवसात २०० च्या वर नाही. पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास आडवं होऊ नये, नाही तर अन्ननलिकेत जळजळ होते. दूध, अँटासिड, लोहाची गोळी दोन तास दूर. सिफिलिस आणि क्लॅमिडिया यांत चांगली घट होते, गनोरियावर भरवसा कमी.

एकाला रोग निघाला तर उपचार दोघांना, आणि त्यानंतर सात दिवस संबंध बंद. एकालाच औषध दिलं की तोच रोग पुन्हा परत येतो आणि मग बाहेरख्यालीचा संशय सुरू होतो. कंडोमबरोबर ल्युब पाण्याचं किंवा सिलिकॉनचं. व्हॅसलीन, खोबरेल, बेबी ऑइल लावलं की लॅटेक्स फाटतं.

सदाफुली

मुंबईहून वाचते आहे. इथे यातलं काय लागू पडतं?

पारवा

विंडो पिरियड, करार, विषाणूभार हे सगळं तसंच्या तसं. सरकारी समुपदेशन केंद्रात तपासणी आणि एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रात) औषध मोफत, हेल्पलाइन १०९७. एचआयव्ही प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ खाली संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. पुरुष जोडप्यांना एकत्र बसवून बोलायचं असेल तर हमसफर ट्रस्टसारख्या संस्था जास्त सरावलेल्या आहेत. प्रेपची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, भारतातच बनते.

आणि एक धागा महाराष्ट्राशी थेट जोडलेला आहे. लेनाकापाविर जेनेरिक बनवण्याचा परवाना २०२४ मध्ये ज्या सहा कंपन्यांना मिळाला त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. तो १२० देशांसाठी आहे. पण ब्राझील, मेक्सिको, पेरू, अर्जेंटिना त्यात नाहीत, आणि या औषधाची पुरुषांमधली ‘पर्पज २’ चाचणी याच देशांतल्या लोकांवरही झाली होती. याची मला मनापासून चीड येते.

दक्षिणवारा

शेवटची शंका. इंजेक्शनची तारीख आणि मेक्सिकोला घरी जायची तारीख एकत्र आली तर?

गवतीचहा

निघायच्या आधी सांगितलं तर सोपं आहे. कॅबोटेग्राविर सात दिवस आधी घेता येतं. तेवढ्यात बसत नसेल तर त्याच औषधाची ३० मिलिग्रॅमची गोळी रोज, दोन महिन्यांपर्यंत, इंजेक्शनच्या जागी चालते. लेनाकापाविरची मुदत २६ आठवडे, दोन आठवडे इकडे-तिकडे. लांबणार असेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी दर सात दिवसांनी. काही न घेता २८ आठवडे उलटले तर, तपासणी निगेटिव्ह असल्यास, दोन दिवसांच्या गोळ्यांसकट पहिल्यापासून सुरुवात.

घरून परतल्यावर किंवा नव्याने आलेल्यांत सुप्त क्षयाची तपासणी पॉझिटिव्ह निघाली आणि रिफाम्पिन हे क्षयाचं औषध सुरू झालं, तर प्रेप देणाऱ्याला त्याच दिवशी कळवायचं. रिफाम्पिनबरोबर कॅबोटेग्राविर अजिबात चालत नाही, अ‍ॅलाफेनामाइडची गोळी टाळतात, लेनाकापाविरला जादा डोस लागतात. टेनोफोविर डायसोप्रॉक्सिलची जुनी गोळी मात्र चालते. क्षयाचा दवाखाना आणि प्रेपचा दवाखाना वेगळे असतात आणि दोघांना एकमेकांची चिठ्ठी दिसत नाही. म्हणून दोन्हीकडच्या औषधांचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवायला सांगा.